पेटीवरच्या चार पट्ट्या



एकादशीची रात्र आहे असे समजा. वाशीम जिल्ह्यातले एखादे गाव डोळ्यांपुढे आणा. रिसोडकडचे म्हणा, मानोऱ्याकडचे म्हणा. विठ्ठलाच्या मंदिरात सतरंजी अंथरली आहे, टाळकरी दोन रांगांत बसले आहेत, पखवाजावर कणीक चढली आहे. पेटीवाला भाता हलवतो आणि गाणे सुरू होण्याआधी एकदम तीन पट्ट्या दाबून धरतो. सा, ग, प. मंदिर सुराने भरून जाते. मग कधी लहर लागली तर तो वरच्या बोटाने चौथी पट्टी, निषादाची, हळूच दाबतो. आता सूर नुसता भरलेला राहत नाही. त्यात एक ओढ येते, एक हुरहुर येते. माळकरी म्हातारा मान हलवतो आणि म्हणतो, "वा! काय गोड लावलं गा!"

त्याच मंदिरात शहरात शिकून आलेला एखादा शास्त्रीय संगीताचा विद्यार्थी बसलेला असला तर तो मात्र नाक मुरडतो. "हे चार सूर एकदम दाबणे आपले नव्हे, हे विलायती," असे त्याचे म्हणणे. या दोघांत खरा कोण? आज आपल्याला याचाच निवाडा करायचा आहे. गावातली पोरे त्या पेटीवरच सूर ओळखायला शिकतात. तेव्हा आपण त्यांच्या कानात काय घालतो आहोत हे गुरुजनांनी जाणले पाहिजे.

आधी ही चार सुरांची जोडणी नीट पाहू. पाश्चात्य संगीतात तीन किंवा अधिक सूर एकदम वाजवतात, त्याला कॉर्ड म्हणतात. सा, ग, प हे तीन शुद्ध सूर मिळून झाली मेजर कॉर्ड. तिच्यात साच्यापासून सातवा सूर, म्हणजे शुद्ध निषाद, मिळवला की झाली मेजर सेव्हन्थ. नाव मोठे आहे, गोष्ट सोपी आहे. तुमची पट्टी काळी एक असो, पांढरी एक असो की काळी चार असो, हिशेब एकच. सा दाबा. मग काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून साच्या पुढची चौथी दाबा, सातवी दाबा, अकरावी दाबा. अंतरे पाहा: चार, तीन, चार. अकरावीऐवजी दहावी दाबलीत तर निषाद कोमल होतो आणि सगळा रंगच पालटतो. मग ती जोडणी अस्वस्थ होते, कुठेतरी पुढे जायला निघाल्यासारखी वाटते. शुद्ध निषादाची जोडणी तशी धावत नाही. ती उभी राहते, पण डोळ्यांत पाणी घेऊन उभी राहते. एका पट्टीचा फरक, पण केवढा! शुद्ध सप्तकात अशी जोडणी दोनच जागी सापडते. एक सावर, आणि दुसरी मध्यमावर: म, ध, सा, ग. मुलांना ती शोधायला लावा, खेळ म्हणून छान आहे.

आता इतिहासाकडे वळू. आपले वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली इथेच उजेडात आला. याच घराण्यातल्या सर्वसेन राजाने प्राकृतात 'हरिविजय' काव्य रचले. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कितीतरी लेणी कोरली गेली. सोळावे लेणे तर त्याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने दिले. पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात एक नर्तकी नाचते आहे आणि भोवती बासरीवाल्या, झांजवाल्या आणि मृदंगवाल्या स्त्रिया साथ करताहेत. म्हणजे सूर आणि शब्द या दोन्हींची कदर या मुलखात आजची नव्हे.

पण सुरांचे नाते मोजून दाखवणारा थोर माणूस आणखी सातआठशे वर्षांनी झाला, आणि तोही आपल्या जवळच. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीला सिंघण यादव राज्य करीत होता. वऱ्हाडही त्या वेळी यादवांच्याच राज्यात होते. सिंघणाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत उतरले, वडील सोढल हे यादवांच्या चाकरीत. शार्ङ्गदेव स्वतः हिशेबाच्या खात्यातला मोठा अंमलदार, शिवाय वैद्यकाचा जाणकार. या हिशेबी माणसाने 'संगीतरत्नाकर' नावाचा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. पुढे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्हीकडच्या पंडितांनी तो आधार म्हणून मानला.

त्याचा हिशेब आपण चिंचोक्यांनी करून पाहू. ओट्यावर एक खडा ठेवा, तो खालचा षड्ज. त्याच्यापुढे ओळीने बावीस चिंचोके मांडा, ह्या बावीस श्रुती. बाविसावा चिंचोका म्हणजे वरचा षड्ज. आता जुन्या शास्त्राप्रमाणे मोजत चला. तिसऱ्यावर ऋषभ, पाचव्यावर गांधार, नवव्यावर मध्यम, तेराव्यावर पंचम, सोळाव्यावर धैवत, अठराव्यावर निषाद. गंमत अशी की हे जुने गांधार-निषाद आपल्या आजच्या कोमलांच्या जागी पडतात. पण जुन्या आचार्यांनी दोन चढे सूरही सांगून ठेवले आहेत. गांधार दोन श्रुती चढला की अंतर गांधार, तो सातव्या चिंचोक्यावर. निषाद दोन श्रुती चढला की काकली निषाद, तो विसाव्यावर. आज आपण ज्यांना शुद्ध ग आणि शुद्ध नी म्हणतो ते हेच दोघे.

आता आपले चार सूर पाहा: खडा, सातवा चिंचोका, तेरावा आणि विसावा. शास्त्र सांगते की ज्या दोन सुरांत तेरा किंवा नऊ श्रुतींचे अंतर, ते एकमेकांचे संवादी, म्हणजे जिवलग. सा आणि प यांत तेरा. ग सातव्यावर, नी विसाव्यावर. विसातून सात गेले, राहिले तेरा. म्हणजे तेही जिवलग! सा ते ग सात श्रुती आणि प ते नी पुन्हा सातच. एका घरात दोन जोडपी असावीत आणि त्यांच्यातले अंतरही सारखे असावे, तशी ही मांडणी आहे.

मग त्यात हुरहुर कुठून आली? विसाव्यापासून बाविसाव्यापर्यंत मोजा. नी आणि वरचा सा यांत दोनच श्रुती. शास्त्राने दोन श्रुतींच्या अंतराला विवादी म्हटले आहे. षड्जाच्या दाराशी येऊन निषाद थांबला आहे आणि दार काही उघडत नाही. दोन संवाद आणि एक विवाद एकाच घरात नांदतात, म्हणून ही जोडणी एकाच वेळी गोड आणि बेचैन लागते. म्हातारबुवांनी मान हलवली ती उगीच नव्हे!

याचा अर्थ शार्ङ्गदेवाच्या काळी असे चार सूर एकदम वाजवीत होते असा मात्र करू नका. ग्रंथातला संवाद हा सुरांच्या नात्याचा विचार आहे. आपल्या गायकाने ही नाती एकामागून एक उलगडून दाखवली. रात्रीचा बिहाग राग घ्या. त्याचा वादी गांधार आणि संवादी निषाद. मागे तंबोऱ्यावर षड्ज आणि पंचम अखंड चालू असतात. गायक गांधारावर येऊन थांबतो, मग निषादावर थांबतो. म्हणजे तेच चार सूर झाले की नाही? पेटीवाला जे एका दाबात सांगतो ते बिहाग गाणारा अर्ध्या तासात सांगतो. एकाने पेढा उचलून तोंडात टाकला, दुसऱ्याने दूध आटवत आटवत रात्र जागवली.

आणि तंबोऱ्याची तर याहून मोठी नवलाई आहे. तार छेडली की एकच सूर येतो असे आपल्याला वाटते. खरे पाहता एका तारेतून सुरांचे अख्खे कुटुंब बाहेर पडते. मूळ सूर, त्याच्या दुप्पट कंपनांचा, तिप्पट, चौपट, पाचपट, असे बारीक सूर तिच्यात मिसळलेले असतात. खर्जाची तार सेकंदाला १२० वेळा कापते असे धरा. तिचा पाचपटीचा सूर ६०० कंपनांचा, आणि तो नेमका गांधार. म्हणून चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यातून न छेडलेला गांधार ऐकू येतो. त्याला आपले लोक स्वयंभू गांधार म्हणतात. आता पंचमाची तार पाहा. तिची कंपने १८०. तिची पाचपट ९००. आणि ९०० म्हणजे कोण? निषाद! म्हणजे दोनच सुरांच्या तारा लावल्या, तरी तंबोऱ्याच्या पोटात सा, ग, प, नी हे चारही सूर सूक्ष्म रूपाने हजर असतात. कोणी आणले नाहीत, कोणी दाबले नाहीत. ते तारेच्या धर्मातच आहेत. आता त्यांना विलायती म्हणायचे की देशी?

युरोपने मात्र हे नाते वेगळ्या रीतीने वाढवले. तिथे चर्चमध्ये अनेक गळे एकदम निरनिराळे सूर गात, त्यातून एकत्र सुरांचे शास्त्र उभे राहिले. त्यांनाही हा निषाद आधी विवादीच वाटे. कित्येक पिढ्या त्यांचा दंडक असा होता, की हा सूर आधीच्या संगतीतून तयार करून आणावा आणि लगेच एक पायरी खाली उतरवावा. पाहुण्याला उंबऱ्यावर चहा द्यावा आणि वाटेला लावावे, तसे. पुढे कान सरावले. १८८८ साली एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने पियानोसाठी जिम्नोपेदी नावाच्या तीन छोट्या रचना केल्या. त्यांतल्या पहिलीच्या आरंभी ही मेजर सेव्हन्थ दोन जागी आलटून पालटून नुसती झुलत राहते, कुठेही उतरण्याची घाई करीत नाही. पुढे अमेरिकेतल्या जॅझ वादकांनी तर तिला घरचीच करून टाकले.

आपल्याकडे ती आली गोव्याच्या वाटेने. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. तिथले वादक पोटापाण्यासाठी मुंबईला आले, हॉटेलांतून जॅझ वाजवू लागले आणि तिथून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांचे वाद्यवृंद-संयोजक सेबॅस्टियन डिसूझा, ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट ही त्यांतली नामांकित माणसे. पुणतांब्याचे सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र चितळकर चाल बांधीत आणि चिक चॉकलेटसारखे साथीदार तिला जॅझचा साज चढवीत. १९५२ नंतर काही वर्षे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि ती पुन्हा घरोघर पोचली. तो रंग ऐकता ऐकता आपल्या पेटीवाल्यांच्या बोटांत उतरला.

आता त्या पेटीची गोष्ट सांगतो, कारण तिच्यावर रेडिओने मोठा राग धरला होता. हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांद्र देबँ याने पॅरिसला १८४२ साली घेतले. ते पायाने हवा भरायचे वाद्य. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ते हातभात्याचे, मांडी घालून वाजवायचे केले आणि मग ते देशभर पसरले. नाटकात गेले, कीर्तनात गेले, भजनात गेले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तर तिला मैफलीचा मान मिळवून दिला.

पण तिच्यात एक खोट आहे. पेटीवर षड्जापासून षड्जापर्यंतचे अंतर बारा सारख्या तुकड्यांत कापलेले असते. कोणतीही पट्टी सा धरता यावी म्हणून ही सोय. सोयीची किंमत मोजावी लागतेच. सा २४० कंपनांचा धरला तर तंबोऱ्यातला गांधार ३००, पंचम ३६० आणि निषाद ४५० कंपनांचा. पेटीवरचा पंचम जवळजवळ बरोबर आहे, पण गांधार ३०२ च्या थोडा वर जातो आणि निषाद ४५३ वर. दोनतीन कंपनांनी काय होते, असे म्हणाल. सा आणि ग एकदम दाबून भाता संथ ठेवा आणि कान द्या. सूर स्थिर राहत नाही, त्यात बारीक थरथर येते. सेकंदाला नऊदहा वेळा. ही थरथर म्हणजे दोन सुरांची कुरबूर आहे. तंबोऱ्याचे ते दोन सूर मात्र एकमेकांत दुधात साखर विरघळावी तसे विरघळतात.

ही खोट बारकाईने मोजली ती महाराष्ट्रातल्याच एका माणसाने. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातले सूर त्यांनी तपासले, कंपने मोजली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाला त्यांच्या कामाने भुरळ घातली. दोघांच्या खटपटीतून विलायतेत एक खास श्रुति-हार्मोनियम तयार झाला. १९१६ साली बडोद्याला भातखंड्यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हा हे वाद्य पंडितांपुढे आणि खाँसाहेबांपुढे ठेवले गेले. पण कलावंतांचे समाधान झाले नाही. बरोबर आहे! गायकाचा गांधार रागाप्रमाणे किंचित हलतो, मिंडेने सरकतो. त्याला खुंटीला बांधायचे कसे?

पुढचा घाव रेडिओचा. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये पेटीविरुद्ध कडक लेख लिहिला. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी रुचत नसे. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या स्टुडिओचे दार बंद केले. ते तीसएक वर्षे बंद राहिले आणि १९७१ साली थोडे किलकिले झाले. विचार करा. या तीस वर्षांत रेडिओवर पेटी नव्हती. पण ज्या चावडीवर तो रेडिओ लावलेला होता, तिच्या शेजारच्या मंदिरात रोज रात्री पेटी वाजत होती! बंदी घालणाऱ्यांचा कान खोटा नव्हता. खोट त्यांनी बरोबर ओळखली होती. पण पेटी गेली असती तर गावाच्या हाती दुसरे काय होते? तंबोरा जुळवायला शिकलेला कान लागतो. दहा माणसांना एका सुरात धरून ठेवणारे, कमी पैशात येणारे आणि वर्षानुवर्षे टिकणारे वाद्य ती पेटीच होती. तिने भजन जगवले, हे नाकारून चालणार नाही.

तेव्हा निवाडा असा. म्हातारबुवांच्या कानाने खरेच ओळखले. ते चार सूर परके नाहीत. ते तंबोऱ्यात आहेत, बिहागात आहेत, देवगिरीच्या हिशेबात आहेत. त्यांना एकदम दाबायची रीत तेवढी बाहेरून आली, आणि रीत बाहेरून आली म्हणून गोडवा खोटा ठरत नाही. पण तो शिकलेला पोरगाही अगदीच चुकलेला नाही. पेटीने दिलेला गांधार आणि निषाद थोडे चढे आहेत. जे मूल आयुष्यभर तेवढेच ऐकेल, त्याला खऱ्या गांधाराची चव कधी कळणारच नाही. हायब्रीड ज्वारीचीच भाकर खाल्लेल्याला दगडीची गोडी कशी सांगावी?

म्हणून गुरुजी, एक करा. पेटी फेकू नका. वर्गात ती उघडा, मुलांना साच्यापुढची चौथी, सातवी आणि अकरावी पट्टी मोजायला लावा. ओट्यावर चिंचोके मांडा, तेराचे नाते त्यांच्या बोटांनी शोधू द्या. अकरावी सोडून दहावी दाबून दाखवा आणि विचारा, काय बदलले? मग सगळ्या पट्ट्या सोडा, एकट्या सावर भाता संथ चालवा आणि मुलांना त्या सुरावर ग गायला सांगा. पट्टी दाबून नव्हे, ऐकून. दोन मुले चुकतील, चार चुकतील. पण एखादे पोर गाता गाता थोडे खाली सरकेल आणि एकाएकी ती थरथर नाहीशी होईल. वर्ग आपोआप गप्प होईल. त्या क्षणी त्या पोराने देवलांनी कागदावर मोजलेला गांधार स्वतःच्या गळ्यात पकडलेला असेल.

पुढच्या एकादशीला त्याला मंदिरात घेऊन जा. पेटीवाल्याने चार पट्ट्या दाबल्या की विचारा, "काय ऐकू आलं रे?" तो जर म्हणाला, "गुरुजी, गोड आहे, पण ग थोडा चढा आहे," तर तुमची मेहनत फळाला आली असे समजा.